दोन स्टॉप म्हणजे दुप्पट की चौपट?

सोलापूरच्या नवी पेठेतल्या एका फोटोग्राफरचा प्रश्न आहे: "उजेड मोजायच्या मीटरवर उजळ गालाला एफ ८ आलं, सावलीतल्या गालाला एफ ४. मी म्हटलं, उजेड दुप्पट. हाताखालचा पोरगा म्हणतो, चौपट. कोणाचं बरोबर? आणि एक्स्पोजर व्हॅल्यूला मराठीत काय म्हणावं?"

पोराचं बरोबर. आठ हा चाराच्या दुप्पट असल्यामुळे जीभ फसते. पण एफचा आकडा लेन्सच्या छिद्राच्या व्यासावर ठरतो (आकडा मोठा तर छिद्र लहान) आणि उजेड आत येतो तो क्षेत्रफळाप्रमाणे. व्यास निम्मा झाला की क्षेत्रफळ पाव होतं. सावलीतल्या गालाला चौपट मोठं छिद्र लागतं, म्हणजे तिथला उजेड पाव आहे.

सोलापुरात हे चादरीवरून सांगावं. एक घडी घातली की दोन पदर, दुसरी घातली की चार, तिसरी घातली की आठ. स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा करणारी एक पायरी. तेव्हा स्टॉप म्हणजे घडी आणि पट म्हणजे पदर. इथे एफ ४ ते ५.६ आणि ५.६ ते ८ अशा घड्या दोन पडल्या, पदर चार झाले. म्हणून गुणोत्तर ४:१, वाचायचं 'चारास एक'.

ईव्ही, म्हणजे एक्स्पोजर व्हॅल्यू, हीसुद्धा घड्याच मोजते. शटरच्या १/१२५ सेकंदाला एफ ८ म्हणजे ईव्ही १३, एफ ४ म्हणजे ११, फरक दोन. जर्मनीत १९५० च्या दशकात ही पद्धत आली तेव्हा तिथे तिला 'प्रकाशमूल्य' अशाच अर्थाचा शब्द होता. मला मात्र तो मराठीत नको वाटतो, कारण १/२५० ला एफ ५.६ लावलं तरी ईव्ही १३ च राहते. आकडा शटर आणि छिद्राच्या जोडीचा आहे, नुसत्या उजेडाचा नाही. 'ईव्ही तेरा' हेच बोलावं, रुळलेलं आहे.

'दुपटीने वाढला' हा प्रयोग मात्र स्टुडिओत टाळाच. कोणी त्याचा अर्थ दोनपट झाला असा घेतो, कोणी मूळ अधिक दोनपट, म्हणजे तिप्पट. 'दुप्पट झाला' म्हटलं की शंका उरत नाही. शिवाय दुप्पट काय, दिवा की गाल, तेही सांगा. कॅमेऱ्याजवळचा फिल, म्हणजे सावली उजळणारा दिवा, दोन्ही गालांवर सारखाच पडतो. मेन लाइट, म्हणजे उजळ गालाकडचा मुख्य दिवा, फिलच्या दुप्पट ठेवला, तर उजळ गालावर दोन अधिक एक असे तीन भाग पडतात आणि सावलीत एकच. दिवा दुप्पट, गाल तिप्पट!