चार वर्षांची मुलगी आणि सव्वा वर्षाचा मुलगा: बॉस्टनच्या चिल्ड्रन्स म्युझियमला न्यावं का?

तुमच्या सासूबाई म्हणतात, "एवढं तिकीट काढून ही पोरं काय बघणार?" त्यांचं बरोबरच आहे. पोरं तिथे काही बघत नाहीत. ती ओढतात, ढकलतात, भिजतात. म्हणूनच न्या. आणि सासूबाईंनाही न्या, त्यांच्यासाठी तिथे एक जागा आहे, ती पुढे सांगते.

आम्ही बॉस्टनजवळच राहतो. पहिल्या खेपेला मी नकाशा हातात घेऊन सगळे मजले उरकायचे असं ठरवून गेले होते. लेक साबणाच्या फुग्यांपाशी थबकली ती हलेना. मी दर पाच मिनिटांनी "चल, वर अजून खूप आहे". शेवटी तिने असं भोकाड पसरलं की सगळे वळून बघायला लागले. पुढच्या वेळी मी तोंड बंद ठेवलं. पाऊण तास ती तिथेच. कोरडं बोट लावलं की फुगा फुटतो आणि साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट मात्र सरळ आत जातं, हे तिचं तिनेच शोधलं. मग मलाच शिकवायला लागली, "आई, आधी हात ओला कर ना!"

'हात लावू नका' ही पाटी इथे नाही, यामागे एक गोष्ट आहे. म्युझियम १९१३ चं, विज्ञानाच्या शिक्षकांनी काढलेलं. १९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक झाले. बालसंगोपनावर लिहिणारे डॉ. बेंजामिन स्पॉक, त्यांचे हे चिरंजीव. रोजच्या वापरातल्या वस्तू कापून आत काय असतं ते दाखवणारं प्रदर्शन त्यांनी भरवलं, काचेच्या कपाटांतल्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या. पुढे जगभरातल्या बालसंग्रहालयांनी हीच वाट धरली.

मोठीला जाळीतल्या चढणीवर सोडा. तीन मजले उंच आहे, लाटांसारख्या फळ्यांवरून वर वर जायचं. पोर एकदा आत गेलं की खालून आपण फक्त हाका मारायच्या. आमची टोकाला जाऊन बसली आणि "मी आता इथेच राहणार" म्हणाली. नवऱ्याला सरपटत वर जावं लागलं, दोन दिवस कंबर धरून होता. सांगायचा मुद्दा, पोरं दोन तर मोठी माणसंही किमान दोन हवीत. धाकट्यासाठी तीन वर्षांखालच्यांची वेगळी खोली आहे, तिथे मोठ्या मुलांची धडक बसायची भीती नाही. पाण्याच्या खेळापाशी दोघंही कोपरापर्यंत भिजणार, तेव्हा कपड्यांचा एकेक जादा जोड बरोबर ठेवा.

आता सासूबाईंची जागा. आत एक जपानी घर आहे, खेळण्यातलं नव्हे, खरंखुरं. क्योटोतल्या रेशीम व्यापाऱ्याचं हे जुनं घर. क्योटो हे बॉस्टनचं भगिनी शहर, त्या नात्याने ते भेट मिळालं आणि १९७९ मध्ये इथे पुन्हा उभारलं. चपला बाहेर काढून आत जायचं, चटयांवर जमिनीवर बसायचं. माझी आई तिथे शिरली, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "अगं, हे तर आपल्या माजघरासारखं!" मग नातीला मांडीवर घेऊन वाड्यातला झोपाळा, कोनाडे, उंबऱ्यावर का बसायचं नाही, असं कितीतरी सांगत बसली. बाहेर एवढा कलकलाट, पण त्या घरात चांगलं शांत वाटतं. दमलेल्या धाकट्याला थोपटायलाही हीच जागा बरी.

वेळ म्हणाल तर दोन-अडीच तास पुरे. पोरं रडायला लागायच्या आधी निघा, मग वाटेत रडली तरी चालतील. सकाळी दार उघडतानाच गेलेलं उत्तम, पावसाच्या शनिवारी दुपारी मात्र चुकूनही नको. तिकिटाआधी तुमच्या गावच्या लायब्ररीत म्युझियमचा पास आहे का ते विचारा, बऱ्याच लायब्रऱ्या सवलतीचे पास देतात. गाडी नेऊ नका, पार्किंगलाच खिसा रिकामा होईल. मेट्रोच्या रेड लाइनने साउथ स्टेशनला उतरा आणि पूल ओलांडा. समोर दुधाच्या बाटलीच्या आकाराची चाळीस फुटी टपरी दिसली की पोहोचलात. उन्हाळ्यात त्या बाटलीत आइस्क्रीम मिळतं. आम्ही तूप-साखरेच्या पोळीच्या गुंडाळ्या नेतो आणि पाण्याकाठी बसून खातो. सीगल पक्ष्यांवर लक्ष असू द्या, आमच्या धाकट्याच्या हातातली गुंडाळी एकदा गेलीच.

आणि हो, जपानी घरासाठी सगळ्यांनी धड मोजे घाला. आमच्याकडे नवऱ्याचा अंगठा बाहेर डोकावत होता, आणि लेकीने ते मोठ्याने जाहीर केलं.