आकडे आधी, युक्तिवाद नंतर

एफईआरमध्ये, म्हणजे पेटंट ऑफिसच्या पहिल्या परीक्षण अहवालात, ‘ऑब्व्हियस’ (जाणकाराला सहज सुचेल असं) हा आक्षेप दिसला की लगेच उत्तर खरडायला बसू नकोस. आधी क्लायंटकडून फोर-बॉल टेस्टचे (वंगणतेलात पोलादी गोळ्या घासून झीज मोजायची चाचणी) आकडे मागव: झेडडीडीपी (झीज रोखणारं झिंकचं जुनं रसायन) एकटं, नवं मॉलिब्डेनम अ‍ॅडिटिव्ह एकटं, मग दोन्ही मिळून. तिन्ही एकाच बेस ऑइलमध्ये (काही न मिसळलेल्या मूळ तेलात), नाहीतर तुलनाच बाद. फायदा नुसत्या बेरजेइतकाच असेल तर पेटंट कायद्याचं कलम ३(ई) आडवं येतं, ‘निव्वळ मिश्रण’ म्हणून. गोळ्यांवरच्या ओरखड्याचा व्यास त्याहून बराच घटला तर केसमध्ये जीव आहे. अर्थात झिंक-मॉलिब्डेनमचं जमतं हे जुनंच. तुझं रसायन वेगळं काय करतं ते सांग. आणि क्लेममध्ये (ज्यावर हक्क मागतोस त्या कलमात) प्रमाण ०.१ ते १० टक्के लिहून उदाहरण एकट्या १ टक्क्याचं देऊ नकोस. मी दिलं होतं. सुनावणीत पहिलं बोट तिथेच ठेवलं गेलं.