दर महिन्याला भरूनही क्रेडिट कार्डाची बाकी का हलत नाही?

‘दर महिन्याला न चुकता पैसे भरतो, एकही तारीख चुकवलेली नाही, तरी बाकी तेवढीच कशी?’ क्रेडिट कार्डाच्या कर्जामुळे समुपदेशनासाठी येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न हाच असतो, आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: असे थोडे थोडे भरून हे कर्ज कधी फिटणार आहे का, की काहीतरी विकून एकदाच मोकळे व्हावे? थोडे थोडे भरून कर्ज फिटते, हे मी खात्रीने सांगते. मात्र त्यासाठी दोन अटी पाळाव्या लागतात. कार्डावरची नवी खरेदी पूर्ण थांबली पाहिजे, आणि दरमहा भरायची रक्कम बँकेने छापलेल्या आकड्यावर न सोडता आपण ठरवून ती शेवटपर्यंत कायम ठेवली पाहिजे. पुण्यातल्या धायरीच्या एका कुटुंबाचा अनुभव त्यासाठी सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

गृहस्थ चाकणच्या एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी विभागात नोकरीला, हातात येणारा पगार सेहेचाळीस हजार. पत्नी घरीच ब्लाउज शिवून आठ-नऊ हजार मिळवतात. भाड्याचे घर, शाळेत जाणारा एक मुलगा आणि वृद्ध आई. आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळी रुग्णालयाची अनामत रक्कम कार्डावर भरली गेली. विम्याचे पैसे पुढे दोन महिन्यांनी आले, पण ते कार्डावर न जाता शाळेची फी आणि घरभाड्याच्या वाढीव डिपॉझिटमध्ये संपले. तेथून पुढे एका कार्डाची बाकी भागवायला दुसरे, दुसऱ्यासाठी तिसरे असे सुरू झाले. मधल्या काळात तर मेहुण्याच्या खात्यावर घरभाडे दाखवून ॲपमधून कार्डाचे पैसे रोख करून घेण्याचा मार्गही त्यांनी वापरला होता, आणि प्रत्येक वेळी त्यावर सेवाशुल्क मोजले होते. माझ्याकडे आले तेव्हा तीन कार्डांवर मिळून दोन लाख वीस हजार रुपये देणे होते आणि पत्नीला त्यातले काहीच ठाऊक नव्हते.

पहिल्या भेटीत ते एकटेच आले होते. तिन्ही कार्डांची स्टेटमेंट त्यांनी प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये नीट तारीखवार लावून आणली होती, आणि प्रत्येक पानावर दोनच गोष्टी पिवळ्या पेनाने रंगवल्या होत्या: मिनिमम ड्यू, म्हणजे त्या महिन्यात निदान भरावीच लागणारी रक्कम, आणि शेवटची तारीख. मी त्यांना त्याच पानावरची व्याजाची ओळ आणि तिच्याखालची जीएसटीची ओळ मोठ्याने वाचायला सांगितली. दोन्ही ओळी वाचून झाल्यावर त्यांनी मागच्या महिन्याचे पान उलटले, मग त्याच्या मागचे, आणि काही वेळ ते काहीच बोलले नाहीत. इतके दिवस ही पाने ते हाताळत होते, पण त्या ओळींवर त्यांची नजर थांबली नव्हती. याला मी निष्काळजीपणा म्हणणार नाही. भीती वाटत असली की माणूस आजचे संकट टाळण्यापुरतेच वाचतो.

त्या ओळींतला हिशेब सोप्या आकड्यांत मांडते. समजा, कार्डावर एक लाख रुपये बाकी आहेत आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के आहे, म्हणजे वर्षाला बेचाळीस टक्के. एका महिन्याचे व्याज 3,500 रुपये होते. कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, त्याचे 630 रुपये. मिनिमम ड्यू पाच टक्के धरला तर आपण 5,000 रुपये भरतो, त्यातले 4,130 रुपये व्याज आणि करात जातात आणि मुद्दल कमी होते अवघे 870 रुपयांनी. पुढच्या महिन्यात बाकी किंचित उतरते, म्हणून बँक मिनिमम ड्यूही किंचित उतरवते, आणि आपण तेवढाच भरून समाधान मानतो. या गतीने साडेसहा वर्षे भरत राहिले तरी निम्मी बाकी शिल्लकच राहते. याउलट पहिल्या महिन्याचे 5,000 रुपयेच धरून ठेवले, पुढे बँकेने कितीही कमी मागितले तरी तेवढेच भरले आणि कार्डावर नवे काही घेतले नाही, तर साधारण 44 महिन्यांत कर्ज पूर्ण फिटते. त्यात हजाराची भर घालून 6,000 भरले तर 29 महिने लागतात, आणि 8,000 भरले तर दीड वर्ष. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे आकडे स्वतःच्या हाताने लिहून काढायला लावते, कारण एक हजार रुपयांनी सव्वा वर्ष कमी होते हे ऐकून पटत नाही, हिशेब मांडल्यावरच पटते.

नव्या खरेदीची बाब याहून कमी लोकांना माहीत असते. कार्डावर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात, ही सवलत आधीचे बिल पूर्ण भरणाऱ्यालाच आहे. मागची काही बाकी राहिली की ती सवलत थांबते आणि नव्या खरेदीवर खरेदीच्या दिवसापासून व्याज चालू होते. हे गृहस्थ महिन्याला सुमारे चार हजारांचे पेट्रोल आणि किराणा कार्डावर घेत होते, पॉइंट मिळतात म्हणून. तिन्ही कार्डांवर मिळून ते दरमहा अकरा हजार भरत होते, त्यातले नऊ हजारांहून अधिक व्याज-करात जात होते, मुद्दलात जेमतेम एकोणीसशे उतरत होते, आणि चार हजारांची नवी भर पडत होती. आकडा हलत नव्हता असे त्यांना वाटे; प्रत्यक्षात तो दर महिन्याला दोन हजारांनी वाढत होता.

दुसऱ्या भेटीला पत्नीसह यावे, असे मी त्यांना सांगितले. त्यांनी बरीच टाळाटाळ केली, ‘तिला उगाच टेन्शन कशाला’ हे वाक्य पुन्हा पुन्हा आले, पण अखेर दोघे आले. रक्कम ऐकून त्या बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्या मला म्हणाल्या, ‘मॅडम, तुळशीबागेत अस्तराच्या मीटरमागे दोन रुपये कमी करून घ्यायला मी पंधरा मिनिटं घासाघीस करते. हे माहीत असतं, तर मी ते दोन रुपये तरी कुठे घालायचे ते ठरवलं असतं.’ त्यानंतर त्या बराच वेळ नवऱ्याकडे पाहायला तयार नव्हत्या. हिशेब त्या दिवशी बाजूलाच राहिला, आणि तसे होणे मला योग्यही वाटले. लपवलेल्या कर्जात पैशाचा प्रश्न अर्धाच असतो, आणि ज्या घरात उरलेल्या अर्ध्याला हात घातला जात नाही, तेथे उत्तम आराखडाही दोन-तीन महिन्यांत बारगळलेला मी पाहिला आहे.

सोन्याचा विषय त्याच भेटीत निघाला. नुसत्या गणिताने पाहिले तर बँकेत पाटल्या तारण ठेवून, कार्डाच्या तुलनेत कितीतरी कमी दराने कर्ज घेणे आणि कार्डे एकदम मोकळी करणे हाच स्वस्त मार्ग होता. ते मी स्पष्ट सांगितले. बाईंनी तितक्याच स्पष्टपणे नकार दिला. ‘पाटल्या माझ्या आईच्या आहेत. यांनी सांगून घेतलं असतं तर मीच काढून दिल्या असत्या, आता नाही.’ मी आग्रह केला नाही. व्याजाचे काही हजार वाचले असते, पण त्या पाटल्या घराबाहेर गेल्या असत्या तर प्रत्येक भांडणात त्या परत आल्या असत्या. शिवाय कार्ड वापरण्याची सवय सुटण्याआधी कार्ड मोकळे केले तर ते पुन्हा भरते आणि सोनेतारणाचा बोजा वर राहतो, ही भीतीही होतीच.

गृहस्थांच्या मनात आणखी दोन पळवाटा होत्या. त्यांना व्हॉट्सॲपवर एक संदेश आला होता की कार्डावर तीस टक्क्यांहून अधिक व्याज घेणे बेकायदा आहे, तेव्हा भरणेच थांबवावे. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने 2008 मध्ये तसा निर्णय दिला होता हे खरे, पण सर्वोच्च न्यायालयाने तो 20 डिसेंबर 2024 रोजी रद्द केला आहे. दुसरी पळवाट सेटलमेंटची. काही महिने हप्ते थकवले की बँक कमी रकमेत मिटवते, असे त्यांना कंपनीच्या बसमध्ये कोणीतरी सांगितले होते. बँका तसे करतात, पण आपल्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या क्रेडिट अहवालात त्या खात्यावर ‘सेटल्ड’ असा शेरा लागतो, आणि पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर तो शेरा आडवा येतो. धायरीतच स्वतःचा वन बीएचके घ्यायचे दोघांच्या मनात होते. जे खरोखरच भरू शकत नाहीत, ज्यांची नोकरी गेली आहे, त्यांच्यासाठी तो शेवटचा पर्याय म्हणून असू द्यावा; पगार चालू असणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. वसुलीच्या फोनचीही त्यांना धास्ती होती. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, हे ऐकून त्यांना थोडा धीर आला.

मग आराखडा बसवला. सर्वांत मोठी बाकी, एक लाख बेचाळीस हजारांची, त्या बँकेशी बोलून वर्षाला अठरा टक्के दराने चोवीस मासिक हप्त्यांत बदलून घेतली. हप्ता 7,089 रुपयांचा, व्याजावरचा जीएसटी धरून सुरुवातीला साडेसात हजारांच्या आत. उरलेली दोन कार्डे, 61 हजार आणि 17 हजारांची, त्यांच्यासाठी मिळून दरमहा आठ हजार ठरवले. दोन्हींचा व्याजदर सारखा असल्याने लहान बाकी आधी संपवायचे ठरले. दर वेगवेगळे असते तर महाग कार्ड आधी घ्यायला सांगितले असते. पगार सात तारखेला होत असे आणि एका कार्डाची तारीख तीन होती, म्हणून देयकाचे चक्र बदलून मागितले. तशी सोय बँकेला द्यावी लागते, पण कोणी मागत नाही.

अकरा हजारांचे साडेपंधरा हजार करायचे आणि वर पेट्रोल-किराण्याचे चार हजार रोखीने भागवायचे, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार नव्याने उभे करायचे होते. त्यातले तीन हजार अगदी समोर होते: गृहस्थ म्युच्युअल फंडात दरमहा तीन हजारांची एसआयपी भरत होते. बेचाळीस टक्क्यांनी व्याज भरणाऱ्याने त्याच वेळी बारा-पंधरा टक्क्यांच्या आशेने गुंतवणूक करावी हा व्यवहार माझ्या मते कोणत्याही बाजूने समर्थनीय नाही, पण तो फार घरांत दिसतो, कारण एसआयपी हे शहाणपणाचे लक्षण मानले जाते. ती थांबवली. आधी साठलेले बारा हजार काढून वेगळ्या बचत खात्यात अडीअडचणीसाठी ठेवले. अडीच हजार बाहेरून मागवलेल्या जेवणातून आणि ऑनलाइन खरेदीतून कमी झाले, आणि सुट्टीच्या दिवशीच्या ओव्हरटाइमचे साधारण तीन हजार मिळू लागले. बाईंची दोन हजारांची भिशी मात्र चालू ठेवायला मी सांगितले. ते पैसे त्यांचे होते आणि त्यांच्याच हाती राहणे आवश्यक होते.

जुलैत पहिला भरणा झाला. बाईंनी मापाच्या वहीचे शेवटचे पान घेतले. पुढून गिऱ्हाइकांच्या छाती-बाही-उंचीची मापे आणि मागून तीन कार्डांची बाकी. दर महिन्याला भरल्यानंतर उरलेला आकडा त्या स्वतः लिहीत आणि खाली दोघेही सही करत. सह्यांची कल्पना माझी नव्हे, त्यांची. ऑक्टोबरमध्ये लहान कार्ड संपले. दिवाळीच्या बोनसमधले पंधरा हजार दुसऱ्या कार्डावर गेले, आणि त्या वर्षी फराळ घरीच झाला, कपडे मुलापुरतेच घेतले. जानेवारीत गृहस्थांच्या गाडीच्या इंजिनाचे काम निघाले, साडेसहा हजारांचे. कार्ड पाकिटात होतेच. ते वेगळे ठेवलेले बारा हजार त्या दिवशी उपयोगी आले, आणि त्यासाठीच मी फेडीच्या आधी थोडी शिल्लक बाजूला काढायला लावते. अन्यथा पहिल्याच अडचणीला कार्ड पुन्हा बाहेर येते आणि माणूस ‘आपल्याच्याने होणार नाही’ असे म्हणून सगळेच सोडून देतो.

मे महिन्यात दुसऱ्या कार्डाची बाकी संपली. दोन्ही कार्डे बंद करण्यासाठी लेखी विनंती केली. बाकी शून्य असताना विनंती आल्यावर बँकेने सात कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद करायचे असते, नाहीतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला पाचशे रुपये ग्राहकाला द्यावे लागतात. देणे नसल्याचे पत्र मागून घ्यावे आणि काही आठवड्यांनी क्रेडिट अहवालात खाते बंद दिसते का, हे पाहावे. असे अहवाल तयार करणाऱ्या प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो.

मोकळे झालेले आठ हजार साठवून उरलेले हप्ते मुदतीआधीच फेडावेत का, असे त्यांनी विचारले. हिशेब केला तेव्हा तेवढी रक्कम जमेपर्यंत सहा महिने जातील, तोपर्यंत पुढचे व्याज तीन हजारांच्याही खाली आलेले असेल आणि मुदतपूर्व फेडीचे शुल्क त्यातलाच मोठा भाग खाईल असे दिसले. म्हणून ते आठ हजार आवर्ती ठेवीत जात आहेत. तिसऱ्या कार्डाचे हप्ते ठरल्याप्रमाणे कापले जातात. ते संपेपर्यंत कार्ड बंद करता येत नसल्याने बाईंनी बँकेच्या ॲपमध्ये त्याचा ऑनलाइन आणि दुकानातला वापर दोन्ही बंद करून ठेवले आहेत, आणि ॲपचा पासवर्ड आता दोघांनाही माहीत आहे.