आईला ब्रेस्ट कॅन्सर निघालाय, एक डॉक्टर लगेच ऑपरेशन म्हणतात, दुसरे म्हणतात आधी केमो, कोणाचं ऐकू?

ताई, मी डॉक्टर नाही, अमळनेरकडचा शेतकरी माणूस, पण माझ्या आईच्या वेळी याच चक्रातून गेलोय म्हणून लिहितो. तुम्ही म्हणता आई 54 वर्षांची, धुळ्याचे सर्जन आठ दिवसांत काढून टाकू म्हणतात, नाशिकचे आधी केमो म्हणतात आणि घरात दोन पार्ट्या पडल्यात. अहो, दोघंही आपल्या जागी बरोबर असू शकतात. बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये ईआर, पीआर (गाठ हार्मोनवर वाढते का ते सांगणाऱ्या) आणि हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) अशा तीन ओळी असतात, तुमच्या प्रश्नात त्यांचा पत्ताच नाही, आणि सगळी मेख तिथंच आहे. गाठ लहान आणि हार्मोनवर वाढणारी म्हणजे ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर बहुतेक आधी ऑपरेशन, मग पाच वर्षं किंवा जास्त रोजची गोळी. हर-टू पॉझिटिव्ह किंवा तिन्ही निगेटिव्ह असेल, आणि गाठ दोन सेंटीमीटरच्या वर किंवा काखेत गेलेली, तर आधी केमो देतात कारण गाठ आकसते आणि औषध लागू पडतंय का ते ऑपरेशनला कळतं, पुढे काय द्यायचं तेही त्यावरून ठरतं.

आमचं काय झालं सांगतो. आईने गाठ सहा महिने लपवली, "माले काय व्हयेल नही, दुखत बी नही", आणि न दुखणारी गाठच घातकी निघाली. रिपोर्टमध्ये हर-टूपुढे 2 प्लस लिहिलेलं. आम्ही ज्या हॉस्पिटलात होतो तिथं म्हणाले निगेटिव्हच धरा, आणि केमो सुरू. दोन केमो झाल्यावर मुंबईला टाटाला नेलं, तिथल्या मॅडमनी फाइल उघडल्या उघडल्या विचारलं, फिश केलं का? आम्ही माळकरी, मी म्हटलं नाही हो मॅडम, आमच्या घरात चालत नाही. त्या हसल्या नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं की 2 प्लस म्हणजे ना इकडे ना तिकडे, फिश नावाची दुसरी तपासणी केल्याशिवाय कळत नाही.

त्यासाठी बायोप्सीचा ब्लॉक लागतो, मेणाचा छोटासा ठोकळा, आईचा तुकडा त्यात बसवलेला. मी परत येऊन लॅबमधून तो घेतला, मे महिना, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीच आहे, मेण वितळेल म्हणून मी आईच्या पानाच्या डबीत ओल्या रुमालात गुंडाळून निघालो तर लॅबवाला म्हणतो भाऊ एवढं काही नको, फक्त बंद गाडीत उन्हात ठेवून जाऊ नको. फिश पॉझिटिव्ह आलं. मग ट्रास्टुझुमॅब, म्हणजे हर-टूवर काम करणारं औषध, दर 21 दिवसांनी, एकूण वर्षभर, मधे मधे हृदयाची टूडी इको. आता भारतीय कंपन्यांचं निघालंय त्यामुळे पूर्वीपेक्षा बरंच स्वस्त. सरकारच्या महात्मा फुले योजनेत तुमचं कोणतं औषध बसतं ते हॉस्पिटलातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, सुरू करायच्या आधी विचारा, नंतर नाही.

पूर्ण स्तन काढावाच लागतो का हेही विचारलंय. नाही. गाठ काढून वरून रेडिएशन दिलं तरी बाई तेवढीच जगते, 20-20 वर्षं बघून 2002 साली अमेरिका आणि इटली दोन्हीकडचे निकाल आलेत. मात्र रेडिएशन चुकवायचं नाही, रोज जाता येईल अशी सोय आधी बघा. आणि सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे तुमच्या काकांचं बोलणं मनावर घेऊ नका, बायोप्सीशिवाय या तीन ओळी येणार कुठून?

नवीन रिसर्चची वाट बघत बसू का, तर मुळीच नको. पण आपल्याच टाटाचं एक काम सर्जनला विचारण्यासारखं आहे. डॉ. राजेंद्र बडवे आणि त्यांच्या टीमने जवळपास 1600 बायकांमध्ये बघितलं की ऑपरेशनच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिडोकेन, म्हणजे दात काढताना देतात ते भुलीचं औषध, टोचलं तर पाच वर्षांनी जिवंत असणाऱ्यांचं प्रमाण 86.4 टक्क्यांवरून 90.1 वर गेलं. 2023 ला छापून आलंय. हे आधी केमो न घेता थेट ऑपरेशनला गेलेल्या बायकांचं आहे बरं का, तुमच्या आईला नाशिकवाल्यांचं म्हणणं पटलं तर हा हिशोब जसाच्या तसा लावू नका.

आई सध्या बरी आहे, ऐकत नाही, कापूस वेचायला जातेच, फक्त ऑपरेशनच्या बाजूच्या, डाव्या हाताला कोणी बीपीचा पट्टा लावायला आलं की ओरडते. तुम्ही आज लॅबला फोन करून त्या तीन ओळी आल्या का विचारा, 2 प्लस दिसलं तर फिश, आणि ब्लॉक, स्लाइड दोन्ही मागून घ्या.