पट्टी लावून पाहिली, रेघ सरळ निघाली, तरी डोळ्यांना ती तिरकीच का दिसते?

तुमचा प्रश्न असा आहे की दृष्टिभ्रमाच्या चित्रातल्या रेघा तुम्ही पट्टी लावून तपासल्या, सरळ निघाल्या, आणि पट्टी उचलली की पुन्हा तिरक्या. एकदा कळल्यावरही मेंदू सुधारत का नाही, आणि हा आपल्यातलाच काही दोष तर नाही? दोष नाही, हे आधी सांगून टाकतो. एक अपवाद आहे, तो शेवटाकडे येईल. मी डॉक्टर नाही, प्राध्यापकही नाही. साताऱ्यात वीसेक वर्षं फरशी-टाइल्सची कामं घेतो. पण तुमच्या याच प्रश्नानं एकदा माझं बिल अडवलं होतं, आणि बिल अडलं की माणूस फार खोलात जाऊन वाचतो.

गोडोलीच्या बाजूला एका निवृत्त मास्तरांकडं स्वयंपाकघराचं काम होतं. ओट्यामागच्या भिंतीला काकूंना चार इंची चौकोनी टाइल्स हव्या होत्या, एक काळी एक पांढरी. बुद्धिबळाचा पट नको म्हणाल्या, म्हणून विटांच्या बांधकामात करतात तशी सांधमोड करायची ठरली. म्हणजे वरच्या ओळीतला जोड खालच्या टाइलच्या बरोबर मधोमध. मिस्त्रींनी दोन दिवसांत भिंत लावून टाकली. संध्याकाळी मी स्वतः बघितली, एकदम झकास. दुसऱ्या दिवशी पोरानं करड्या ग्राउटनं सांधे भरले, ओल्या फडक्यानं पुसून घेतले आणि तो घरी गेला. दुपारी काकूंचा फोन.

"अहो, भिंत वाकडी झालीय."

"काकू, काल तर मी बघून गेलो."

"काल सरळच होती. आज वाकडी आहे. तुम्ही या आधी."

लावलेली टाइल रात्रीत सरकत नसते. अर्धा चहा तसाच ठेवून गेलो, आणि स्वयंपाकघराच्या दारातच पोटात गोळा आला. भिंत खरोखर वाकडी होती! एक ओळ उजवीकडं निमुळती होत गेलेली, तिच्या खालची डावीकडं. पाचरी उलटसुलट रचून ठेवाव्यात तशी. वीस वर्षांत असं काम माझ्या हातून झालेलं नाही, आणि ते माझ्यासमोर उभं होतं.

मिस्त्रींना बोलावलं. ते भिंतीकडं बघून काही बोललेच नाहीत, पिशवीतली दोरी काढली. एक टोक त्यांनी धरलं, एक मी. दोरी सांध्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत जशीच्या तशी बसली. लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध. आणि दोरी लावलेली असताना तो सांधा सरळ दिसत होता, हे काकूंनीही मान्य केलं. दोरी काढली की परत तिरका.

"म्हंजी दोरी अशीच ठिवून जाऊ का?" मिस्त्री म्हणाले.

मास्तर मात्र हसले नाहीत. "तुमची लेव्हल बरोबर आहे, मला मान्य आहे. पण मला रोज इथं जेवायला बसायचंय, ते लेव्हल लावून नाही." यावर काय बोलणार? बिल तिथंच थांबलं.

उलगडा केला तो मास्तरांच्या भाच्यानं. तो भिंत बघून मोठ्यानं हसला आणि मोबाइलवर एक चित्र काढून दाखवलं. आमच्याच भिंतीचा फोटो म्हणून खपलं असतं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहरात एका कॅफेच्या बाहेरच्या भिंतीला अशाच गडद आणि पांढऱ्या टाइल्स होत्या, अशीच सांधमोड. तिथल्या विद्यापीठात दृष्टीवर काम करणारे रिचर्ड ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी १९७९ साली त्यावर लेख लिहिला, तेव्हापासून याला 'कॅफे वॉल' म्हणतात. पट तसाच पण करड्या सांध्याविना ठेवला तर गंमत जाते. सांधा बारीक हवा आणि त्याचा रंग दोन्ही टाइल्सच्या मधला हवा. माझ्या पोरानं नेमकं तेच भरलं होतं. आदल्या दिवशी सांधे रिकामे होते, आत अंधार, म्हणून भिंत सरळ होती.

आता हे होतं कसं? त्या करड्या पट्टीवरून नजर फिरवा. सांधमोडीमुळं ती कुठं दोन काळ्या टाइल्समधून जाते, कुठं दोन पांढऱ्यांमधून, आणि मधल्या तुकड्यांत वर काळी तर खाली पांढरी किंवा उलट. दोन काळ्यांमध्ये तोच करडा उजळ वाटतो, दोन पांढऱ्यांमध्ये मळकट. डोळ्याच्या पडद्यातल्या पेशी 'इथं उजेड किती' हे फारसं कळवतच नाहीत. 'शेजारच्यापेक्षा किती कमी-जास्त' हे कळवतात. त्यामुळं उजळ तुकडा आणि मळकट तुकडा एका सरळ रेघेत न राहता थोडे कलून जोडले जातात, आणि मेंदूकडं जाते ती पीळ घातलेल्या सुतळीसारखी रेघ. सुतळी कितीही ताठ ओढा, तिच्यातले पीळ तिरकेच असतात, आणि सगळे एकाच बाजूला. पुढच्या टप्प्यावर या बारीक कलांची बेरीज होते आणि अख्खा सांधा कललेला ठरतो. पिळाच्या दोरीचा हा भ्रम जेम्स फ्रेझर यांनी १९०८ मध्येच दाखवला होता. बारीकसारीक तपशिलावर अभ्यासकांचे वाद आहेत, पण मूळ मुद्दा उजेडातल्या फरकाचा आहे हे आमच्या भिंतीवर मी स्वतः बघितलं.

कसं, ते सांगतो. भाच्याचं बोलणं ऐकून मास्तरांनी टेबलावरचा काळा मार्कर घेतला आणि एका सांध्यावरून ओढत नेला. जसजसा मार्कर पुढं सरकत गेला तसतसा मागचा सांधा सरळ होत गेला. शेजारचा, न रंगवलेला, तिरकाच. टाइल एक सूतही हललेली नव्हती. काकू म्हणाल्या, "अगंबाई!" आणि मिस्त्री पहिल्यांदा खुर्चीत बसले.

मग तुमचा खरा प्रश्न: माहीत झाल्यावर का जात नाही? कारण बघणारं खातं आणि जाणणारं खातं वेगळं आहे. डोळ्याकडून आलेला माल डोक्याच्या मागच्या भागात उतरतो. तिथं कडा, कल, उजेड यांचा हिशेब सेकंदाच्या लहानशा भागात उरकला जातो, आणि तयार बेरीज पुढं येते. रेघ सरळ आहे ही माहिती तुमच्याकडं आहे, पण ती बेरीज करणाऱ्या मुनीमाला मालकाचं मत विचारायची पद्धतच नाही. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी एकोणिसाव्या शतकातच याला नकळत काढलेलं अनुमान म्हटलं होतं. नकळत काढलेलं, म्हणून कळून बदलत नाही.

आणि हा मुनीम नालायक आहे असं समजू नका. आमच्या धंद्यातलंच उदाहरण देतो. अंगणात भर उन्हात पडलेला काळा कडप्पा आणि स्वयंपाकघरातली पांढरी टाइल घ्या. उजेड लक्समध्ये मोजतात. दुपारच्या उन्हात तो साधारण १ लाख लक्स असतो, घरात दोन-तीनशे. कडप्प्यानं त्यातला दहावा हिस्सा परत फेकला तरी तो १० हजारांच्या हिशेबाचा झाला. पांढऱ्या टाइलनं सगळाच्या सगळा फेकला तरी तीनशे. म्हणजे डोळ्यात शिरणारा उजेड बघितला तर काळा कडप्पा पांढऱ्या टाइलच्या तीसपट उजळ आहे. तरी आपण कडप्प्याला काळाच म्हणतो, टाइलला पांढरीच. शेजाऱ्याशी तुलना करून, सावली वजा करून मेंदू वस्तूचा रंग काढतो. १९९५ साली अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या एडवर्ड अ‍ॅडेलसन यांनी पटावर पडलेल्या सावलीचं जे चित्र केलं, ज्यात दोन घरं हुबेहूब एकाच करड्या रंगाची असून एक काळं आणि एक पांढरं दिसतं, त्यात हीच वजाबाकी पकडली आहे. दिवसभर जी तुलना आपल्याला वाचवते, तीच त्या करड्या सांध्यावर उताणी पडते.

घरी करून बघायचं असेल तर जत्रेत मिळतो तो पातळ प्लॅस्टिकचा मुखवटा आणा. पोकळ बाजू स्वतःकडं करून भिंतीला टेकवा, सात-आठ फुटांवर उभे राहा, एक डोळा मिटा. चेहरा आत गेलेला दिसणार नाही, फुगून बाहेर येईल. तसेच डावी-उजवीकडं हला, तो तुमच्याकडं वळून बघत राहील. (आमच्याकडं गौरीच्या पितळी मुखवट्यावर पोरांनी हे केलं आणि आईनं सगळ्यांना झापलं, म्हणून प्लॅस्टिकचा म्हणतोय.) आत गेलेला चेहरा आपण आयुष्यात बघितलेलाच नाही, त्यामुळं मेंदू तो मानायलाच तयार नसतो. ग्रेगरींचाही हा आवडता नमुना.

आणि पावसाळ्यात साताऱ्याला आलात तर ठोसेघरला जा. धबधब्यातल्या एकाच जागेवर मिनिटभर टक लावा आणि झटकन बाजूच्या कातळाकडं बघा. कातळ वर चढायला लागतो, पण कुठं पोचत नाही. स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्यावर रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी हे बघून १८३४ मध्ये लिहून ठेवलं. खाली जाणारी हालचाल टिपणाऱ्या पेशी थकतात, वर जाणाऱ्या ताज्या असतात, तराजू घटकाभर तिकडं झुकतो. तेवढ्यावरून पाटण तालुक्यातल्या सडावाघापूरच्या उलट्या धबधब्यालाही दृष्टिभ्रम म्हणू नका, फार जण म्हणतात. तिथं दरीतून येणारा वारा पाणी खरोखरच वर उडवतो. अंगावर येतं की.

आता अपवाद. हा माझ्यासाठी हसण्याचा विषय राहिलेला नाही. मास्तरांच्या भिंतीनंतर दोनेक वर्षांनी करंज्यात एका आजोबांनी बाथरूमच्या टाइल्स वाकड्या लागल्यात म्हणून बोलावलं. साध्या पांढऱ्या टाइल्स, सरळ जोडाच्या, त्याही जुन्या. मी शहाणपणानं म्हटलं, "आजोबा, भ्रम असतो तो." मग लक्षात आलं की मला तर त्या सरळ दिसतायत. सुनेलाही. कॅफेच्या भिंतीला सगळे फसतात. इथं एकटे आजोबाच. त्यांना एकेक डोळा झाकायला सांगितला. डाव्यानं सांधे सरळ, उजव्यानं मधोमध पाण्यात बघितल्यासारखे लहरी. दाराची चौकटही तशीच. सुनेनं त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, पडद्याच्या मध्यभागाचा, मॅक्युलाचा आजार निघाला. डॉक्टरांनी चौकटी-चौकटींचा एक कागद दिला, अ‍ॅम्सलर ग्रिड म्हणतात त्याला, आणि रोज एकेका डोळ्यानं बघायला सांगितलं. तेव्हा तुम्ही चित्रातल्या रेघांबद्दल विचारताय तोवर निर्धास्त राहा. घरातली चौकट, खिडकीचे गज, फरशीचे सांधे एका डोळ्यानं अचानक वाकडे दिसायला लागले, तर मात्र इथं प्रश्न टाकत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मास्तरांच्या भिंतीचं विचाराल तर सगळं करडं ग्राउट खरवडून काळं भरलं. दीड दिवस गेला. ग्राउटचे पैसे मी घातले, मजुरी त्यांनी दिली, त्यावरून थोडी कुरबूर झालीच. मिक्सरमागच्या चार ओळी मात्र मास्तरांनी खरवडू दिल्या नाहीत. अजून कोणी पाहुणे आले की काकू चहा टाकतात, आणि मास्तर मिक्सर बाजूला सरकवून मिस्त्रींसारखी दोरी काढतात.