संगीताच्या चाचणीत नाव देताय?

वहिनी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर गाणं ऐकून दुखणं कमी होतं का, ते बघणाऱ्या चाचणीत नाव देताय, जरूर द्या. फक्त संमतीपत्रावर तिथल्या तिथे सही नको. मराठीतच मागा, सांगलीला घरी आणून सावकाश वाचा. एथिक्स कमिटीचा, म्हणजे चाचणीतल्या माणसांचं हित जपणाऱ्या समितीचा, फोन नंबर त्यात हवा. सीटीआरआयचा नोंदणी क्रमांकही विचारा. ही अशा चाचण्यांची सरकारी नोंदवही २००७ पासून आहे, वेबसाइटवर कुणालाही बघता येते.

गट आपण निवडायचा नसतो, चिठ्ठी टाकल्यासारखा ठरतो. बिनगाण्याच्या गटात गेलात तर हिरमुसू नका, तुलना त्याच गटामुळे होते. मग घरी गुपचूप हेडफोन लावून भजनं ऐकलीत, तर तेही सांगून टाका. दुखणं ० ते १० मध्ये विचारतात, तेव्हा डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून ३ म्हणायचं नाही. आपली माणसं नेमकी इथंच भिडस्त होतात! आणि आपण मिरजेच्या तंबोऱ्यांच्या मुलखातले. लावलेलं गाणं कानाला टोचलं तर तसं लिहून द्या.

गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. नको वाटलं तर चाचणी मध्येच सोडता येते, नेहमीचे उपचार त्यामुळे अडत नाहीत. येण्याजाण्याचं भाडं मिळतं का, ते पहिल्याच दिवशी विचारून घ्या.