शिडावर ९२५, सोंडेत रेझिन

प्रश्न : अडीच महिन्यांपूर्वी अथेन्सच्या प्लाका भागातल्या दुकानातून ट्रायरीम या प्राचीन ग्रीक युद्धनौकेची चांदीची प्रतिकृती ६४० युरोंना क्रेडिट कार्डावर घेतली. शिडावर ९२५चा (९२.५ टक्के चांदीचा) शिक्का आहे. आता पुढच्या सोंडेवरचा पापुद्रा सुटून आत पांढरं रेझिन दिसतंय. नाशिकच्या ग्राहक आयोगात दाद मागता येईल का?

उत्तर : येईल, पण आधी बँक गाठा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत ‘वस्तू सांगितल्यासारखी नाही’ या कारणासाठी कार्डावरचे पैसे परत मागायला साधारण १२० दिवसांची मुदत असते. तुमचे ७५ उलटले आहेत आणि काही बँका त्याहून आधीच दार लावतात.

त्याआधी दुकानाला आजच ईमेल करा : दोष काय, वस्तू परत द्यायला तयार आहे, पूर्ण रक्कम हवी. हा ईमेल नसेल तर बँक दावा मागे ढकलते. युरोपीय संघाच्या कायद्यानुसार विक्रेता दोन वर्षं जबाबदार असतो आणि पहिल्या वर्षात दिसलेला दोष मुळातलाच धरला जातो. हे ईमेलात लिहाच.

आता पुरावा. बिलावर नुसतं ‘सिल्व्हर ९२५’ असेल तर तुमची बाजू भक्कम आहे. ‘प्लेटेड’ असेल तर फारच कमकुवत. दुकानदार म्हणेल, शिक्का शिडाचा आहे आणि शीड चांदीचंच आहे. म्हणून सुटलेला पापुद्रा, वल्ही बसवलेल्या भोकांच्या कडा आणि जहाजाचं बूड यांचे जवळून फोटो काढा. संगमरवरी बैठक सुटत असेल तर जहाजाचं वजन वेगळं करा. बरंचसं वजन दगडाचंच निघतं. सोंड कानसू नका, सराफाकडे कसही लावू नका, नाहीतर ‘तुम्हीच खराब केली’ हे उत्तर तयार असेल. क्ष-किरणांनी धातू तपासणारं एक्सआरएफ यंत्र फक्त वरचा थर वाचतं, म्हणून मुलाम्यालाही ९२५ दाखवू शकतं. प्रयोगशाळेला उघड्या पडलेल्या भागाचाच अहवाल लेखी मागा.

राहिला आयोग. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ३४नुसार तुम्ही राहता तिथे तक्रार चालते, मुदत दोन वर्षं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. अडचण निकालानंतरची आहे. दुकानाची भारतात मालमत्ता नाही आणि आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ खाली ग्रीस अधिसूचित देश, म्हणजे एकमेकांचे निकाल अमलात आणणाऱ्यांपैकी, नाही. वसुलीसाठी तिथे वेगळी कारवाई करावी लागेल, तिचा खर्च ६४० युरोंना गिळून टाकेल. बँकेने नकार दिला तर ग्रीसच्या ग्राहक लोकपालाकडे लेखी तक्रार करा, आणि पैसे परत करण्याचं लेखी कबूल होईपर्यंत जहाज कुरिअरने पाठवू नका.